धाकटीचं नाव

सिंगापूरच्या पोलीस खात्यात मी तेहतीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या चोराने कुठली खिडकी फोडली होती, हे कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. पण एक प्रकरण मात्र पहिल्या फोनपासून शेवटच्या सुनावणीपर्यंत जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. सगळा खटला एका कागदाचा होता, आणि त्या कागदावर एका लहान मुलीचं नाव होतं.

त्यातल्या कुणाचंच नाव मी इथे देणार नाही. दोन बहिणी होत्या. मोठीला थोरली म्हणतो, लहानीला धाकटी.

माझा जन्म इथलाच. आजोबा रत्नागिरीकडून इथल्या गोदीत कामाला आले, आणि घरात आईने मराठी सुटू दिली नाही. खात्यात मराठी बोलणारे आम्ही बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे कुठे मराठी माणूस अडला की फोन मलाच यायचा.

मास्कचे दिवस होते. सकाळी साडेदहाच्या सुमारास पासिर रिसच्या पोलीस केंद्रातून ड्युटी ऑफिसरचा फोन आला. "सर, एक बाई आल्या आहेत. सुरुवातीला इंग्रजीत नीट बोलत होत्या. आता फक्त तुमच्या भाषेत बोलतायत. आम्हाला एक शब्द कळत नाही."

मी पोचलो तेव्हा ती खुर्चीच्या अगदी टोकावर बसली होती. वय चाळिशीच्या आतलं, कपडे ऑफिसचे, हातात घडी घातलेला एक कागद. मी मराठीत म्हटलं, "ताई, पाणी घ्या आधी." ती पाण्याकडे न बघता म्हणाली, "सर, माझ्या मुलीचं नाव बदललंय. सही माझी आहे. आणि मी सही केलेली नाही."

कागद मी पाहिला. नाव बदलण्याचं ते शपथपत्र होतं, ज्याला इथे डीड पोल म्हणतात. वकिलासमोर सही करायची, आणि मग तो कागद दाखवून शाळा, पासपोर्ट, ओळखपत्र सगळीकडे नवं नाव लावून घ्यायचं. मोठ्या माणसाचं काम तासाभरात होतं. मूल लहान असेल तर मात्र आई आणि वडील दोघांची संमती लागते. एकाची नसेल तर दुसऱ्याने कुटुंब न्यायालयात जाऊन परवानगी मागायची. या कागदावर दोन्ही सह्या होत्या.

"त्या तारखेला तुम्ही कुठे होता?"

"पुण्यात. माझे वडील आजारी होते म्हणून गेले, आणि विमानं बंद झाली. आठ महिने अडकले. तीन आठवड्यांपूर्वी परत आले. काल शाळेचा ईमेल आला, नवीन नावाची नोंद झाली म्हणून."

"नवीन नाव तुमच्या ओळखीचं आहे?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की प्रश्न विचारला याचीच मला लाज वाटली. "ते माझ्या थोरलीचं नाव आहे, सर. ती तीन वर्षांपूर्वी गेली."

थोरलीला ताप आला आणि पाच दिवसांत ती गेली होती. वय आठ. तेव्हा धाकटी पाच वर्षांची होती. आता धाकटी आठ वर्षांची झाली होती, आणि कागदोपत्री तिचं नाव मेलेल्या बहिणीचं झालं होतं.

मी तक्रार लिहून घेतली. पासपोर्ट दाखवत होता की सहीच्या दिवशी ती देशाबाहेर होती. तिचं ओळखपत्र आठ महिने घरातल्या खणात पडून होतं. म्हणजे ते घेऊन कुणीतरी बाई वकिलासमोर बसली होती. गुन्हा सरळ होता, खोटी सही आणि तोतयेगिरी. कोणी केला आणि कशासाठी, एवढंच शोधायचं होतं.

कशासाठी याचं उत्तर त्या दिवशी मला माहीत आहे असं वाटत होतं. तपासाला माझ्याबरोबर एक मलय तरुणी होती, हुशार आणि कमी बोलणारी. दुपारी तिने पासपोर्ट कार्यालयात चौकशी केली आणि येऊन म्हणाली, "सर, वडिलांनी मुलीच्या नवीन पासपोर्टचा अर्ज केलाय. नव्या नावाने." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नवरा-बायकोचं बिनसतं, एक जण मुलाचं नाव बदलतो, नवा पासपोर्ट काढतो आणि मूल घेऊन देशाबाहेर जातो. असं आम्ही ऐकलेलं होतं. आम्ही अर्ज थांबवायला लावला आणि वडिलांना बोलावून घेतलं.

तो वेळेवर आला. पुण्याचा इंजिनियर, पंधरा वर्षं इथे, आता नागरिक. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, त्यात सगळे कागद क्रमाने लावलेले. एवढी वर्षं माणसं पाहिल्यावर एक गोष्ट कळते. खोटं बोलायला आलेला माणूस आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघतो. हा बघत नव्हता. तो फाइल सरळ करत होता.

"पत्नीची संमती होती?" मी विचारलं.

"फोनवर झालं होतं बोलणं."

"त्या नाही म्हणतात."

"तिला आठवत नसेल. तिचे वडील आजारी होते ना."

"वकिलासमोर कोण बसलं होतं?"

"एक बाई होत्या. मी ओळखत नाही."

"अनोळखी बाई तुमच्या पत्नीचं ओळखपत्र घेऊन तुमच्या शेजारी बसली?"

त्याने फाइलमधला एक कागद परत सरळ केला. मी पासपोर्टबद्दल विचारलं. कुठे जायचा बेत होता?

"कुठेच नाही," तो म्हणाला. त्याला माझा प्रश्नच कळला नव्हता. "कागद सगळे एकसारखे हवेत ना, सर. शाळेत एक नाव, पासपोर्टवर दुसरं, असं बरोबर नाही दिसत."

पुढचे दोन तास त्याने त्या बाईबद्दल अवाक्षर काढलं नाही. माझी सहकारी बाहेर आल्यावर म्हणाली, "दुसरी बाई असेल, सर. प्रेमप्रकरण." मलाही तेच वाटलं. जामिनावर सोडताना त्याला घरापासून लांब, एका मित्राकडे राहायची अट घातली.

दुसऱ्या दिवशी आम्ही, ज्यांच्यासमोर सह्या झाल्या त्या वकिलीणबाईंकडे गेलो. बिचारी घाबरली होती. ओळखपत्र खरं होतं, त्यावरचा फोटो दहा वर्षं जुना, समोरच्या बाईच्या तोंडावर मास्क. "मी मास्क खाली करायला सांगितला होता," ती म्हणाली, "पण क्षणभरच. दोघं इतके शांत होते. शिवाय मुलगी बरोबर होती. ती त्या बाईचा हात धरून बसली होती."

लिफ्टसमोरच्या कॅमेऱ्यात तिघं दिसले. वडील, मास्क लावलेली एक साधारण बांध्याची बाई, आणि मध्ये दोघांचे हात धरलेली मुलगी. चित्रावरून ओळख पटवणं शक्य नव्हतं. पण मुलगी तिथे होती, म्हणजे त्या बाईला ओळखणारं माणूस आमच्यापाशी होतं. आणि चार दिवसांत आम्ही त्या मुलीला काहीही विचारलेलं नव्हतं.

लहान मुलांशी बोलायला आमच्याकडे वेगळी खोली असते. सोफा, खेळणी, गणवेश नाही. धाकटी आली तेव्हा तिच्या मास्कवर कार्टूनमधली मांजर होती. प्रश्न माझी सहकारी विचारणार होती. मराठी शब्द आला तर कळावा म्हणून मी कोपऱ्यात बसलो.

इकडचं तिकडचं झाल्यावर सहकारिणीने विचारलं, "तुझं नाव काय?"

मुलीने आम्हा दोघांकडे पाहिलं. मग तिने आम्हाला उलट विचारलं, अस्सल इथल्या मुलांच्या, वाक्याला 'लाह' जोडणाऱ्या इंग्रजीत, "कुठलं? मम्मी घरी असतानाचं की बाबांचं?"

माझी सहकारी कसलेली होती. तिने चेहरा हलू दिला नाही. "दोन्ही सांग."

तिने दोन्ही सांगितली. एकामागून एक, जशी मुलं घराचा पत्ता सांगतात. मग म्हणाली, "मम्मी आली की पहिलं. मम्मी नसली की दुसरं. मला चुकत नाही आता."

"आधी चुकायचं?"

"स्टार्टिंगला. बाबा हाक मारायचे आणि मी यायचेच नाही. मग बाबा रडायचे. मग मी आले ना, तर बाबा हॅपी झाले लाह. त्यांनी डोसा पण केला."

मी खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत होतो. काय लिहीत होतो ते मला आज सांगता येणार नाही.

"आणि हे दुसरं नाव तुला कुणी दिलं?" सहकारिणीने विचारलं.

मुलीला हा प्रश्न अगदी सोपा वाटला. "आत्याने. नाव आत्याच देते. कानात." तिने स्वतःच्या कानाशी हात नेला आणि मराठीत म्हणाली, "कुर्र."

सहकारिणीने माझ्याकडे पाहिलं. तिला काही कळलं नव्हतं. मला सगळं कळलं होतं. आपल्याकडे बाळाचं बारसं होतं तेव्हा नाव वडिलांची बहीण ठेवते. बाळाच्या कानात कुर्र करून ती पहिल्यांदा नाव उच्चारते, आणि मग बाकीच्या बायका हसत तिच्या पाठीवर धपाटे घालतात. माझ्या मुलाच्या बारशाला माझ्या बहिणीनेही असेच धपाटे खाल्ले होते. नाव ठेवायला आपल्या माणसांत कोण बसतं, हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. मी प्रेमप्रकरण शोधत बसलो होतो.

आत्या क्वीन्सटाउनला राहत होती, जुन्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर. भावापेक्षा आठ वर्षांनी मोठी, पन्नाशीला आलेली, एकटी. आम्ही झडतीचा आदेश घेऊन गेलो. दार उघडून आमची ओळखपत्रं पाहिल्यावर ती मला म्हणाली, "तुम्ही मराठी?" मी हो म्हटलं. "मग बरं झालं," ती म्हणाली आणि आत जाऊन गॅस बंद करून आली.

ती नाही म्हणालीच नाही. बसायच्या आधीच म्हणाली, "सही मी केली. त्याला काही करू नका."

घर नीटनेटकं होतं. भिंतीलगतच्या कपाटावर देवाच्या तसबिरी होत्या, आणि त्यांच्या शेजारी एका लहान मुलीचा फोटो. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, फोटोला चंदनाचा हार. थोरली असणार, असं समजून मी क्षणभर हात जोडले. नियमाप्रमाणे घरातल्या वस्तूंची यादी केली, फोटोही यादीत घेतला, आणि आत्याला घेऊन केंद्रात आलो.

मुलीची आई तिथे आधीच आली होती. जबाबावर सही करायची राहिली होती म्हणून मी बोलावलं होतं. माझी सहकारी वस्तू टेबलावर मांडत होती. आईची नजर त्या फोटोवर गेली.

ती ओरडली नाही. तिने फोटो उचलला आणि हार काढायला लागली. तो दोऱ्याने मागे बांधलेला होता. तिच्या बोटांना गाठ सुटेना.

"ताई, तो पुरावा आहे," मी म्हटलं. "हात लावू नका."

"ही धाकटी आहे," ती म्हणाली.

मला वाटलं ती दुःखात गोंधळली आहे.

"सर, ही धाकटी आहे. हनुवटीवरची खूण बघा. सायकलवरून पडली होती, तीन टाके पडले होते. हा फ्रॉक तिच्या पाचव्या वाढदिवसाचा." मग तिचा आवाज चढला. "ती जिवंत आहे! शाळेत आहे ती आत्ता! हार कुणी घातला?"

मी धाकटीला फक्त मास्कमध्ये पाहिलं होतं. हनुवटी मला कशी दिसणार? जिवंत मुलीच्या फोटोपुढे हात जोडून आलो होतो मी. नोकरीत मी मृतदेह पाहिले, कापलेली माणसं पाहिली. पण त्या हारासारखं काही पुन्हा पाहिलं नाही.

आत्याला मी आतल्या खोलीत विचारलं. तिने काहीच लपवलं नाही. थोरली गेल्यावर भाऊ खचला होता, पण कसाबसा चालत होता. धाकटीला आठवं वर्ष लागलं, बायको पुण्यात अडकली, आणि तो जेवेनासा झाला. एकदा त्याला आत्याने बाल्कनीच्या कठड्याला टेकून खाली बघताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी धाकटी खोलीत आली, आणि त्याने तिला थोरलीच्या नावाने हाक मारली.

"आणि तो जेवला, साहेब," आत्या म्हणाली. "महिन्याभराने पोटभर जेवला. मी म्हटलं, मारू दे हाक. चार दिवसांनी सावरेल."

"मग?"

"मग म्हणाला, ताई, तू दोघींची नावं ठेवलीस. एकदा परत ठेव. माझ्या घरीच बसलो आम्ही तिघं. पाळणा नव्हता. तिला मांडीवर घेतलं."

"आणि हा फोटो?"

"हार त्याने आणला. त्यानेच घातला. मी काढला नाही."

"का नाही काढला?"

"तो जेवत होता ना."

वडिलांना मी परत बोलावलं. या वेळी फाइल नव्हती. मी फोटो समोर ठेवला आणि विचारलं, "ही कोण?"

"धाकटी," तो लगेच म्हणाला.

"ती कुठे आहे आता?"

त्याने पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझीच त्याला दया आली असावी. हळू आवाजात, जशी आपण कुणाला वाईट बातमी देतो तसं, तो म्हणाला, "ती गेली ना, सर. तीन वर्षं झाली."

मी जबाब घेणं तिथेच थांबवलं. अशा माणसाकडून पुढे एक ओळही लिहून घेणं नियमात बसत नाही आणि माणुसकीतही बसत नाही. डॉक्टरांना बोलावलं. त्याला इस्पितळात नेताना तो शांतपणे चालत गेला. जाताना मला म्हणाला, "तिला तीनला शाळेतून आणायचंय. कुणाला तरी पाठवाल?" मी हो म्हटलं. कुणाला आणायचं, हे त्याने नावाने सांगितलं. मुलगी बरोबर होती आणि नाव चुकीचं होतं.

पुढचं कायद्याप्रमाणे झालं. कागदपत्रं सरकारी वकिलांकडे गेली. डॉक्टरांच्या अहवालावरून न्यायालयाने वडिलांना तुरुंगाऐवजी सक्तीच्या उपचाराचा आदेश दिला. आत्याला काही आठवड्यांची कैद झाली. तिने दयेचा अर्ज केला नाही. शिक्षा ऐकून भावजयीकडे वळून ती म्हणाली, "मला माफ करू नकोस." भावजयीने केलंही नाही, निदान माझ्या माहितीत तरी.

नावाचा प्रश्न वेगळा होता. तो कुटुंब न्यायालयात गेला. आईने अर्ज केला की संमती नसताना झालेला तो कागद रद्द धरावा. त्या दिवशी साक्षीसाठी मीही गेलो होतो. न्यायाधीशबाईंना मुलीशी एकटीशी बोलायचं होतं, म्हणून आम्ही बाहेर बाकावर थांबलो होतो. धाकटी आईच्या आणि माझ्या मध्ये बसली होती. पाय हलवता हलवता ती मला म्हणाली, "अंकल, मी परत माझं नाव घेतलं तर ताई परत मरणार का?"

मी आईकडे पाहिलं.

आई बाकावरून उतरून जमिनीवर, तिच्या पायांपाशी बसली. ऑफिसचे कपडे, लोकांची ये-जा, कशाचं तिला भान नव्हतं. "नाही गं," ती म्हणाली. "ताईचं नाव ताईकडेच आहे. तुझं तुझ्याकडे राहू दे. मला दोघींना हाक मारायची असते. तू दोन्ही घेतलीस तर मी तुला कशी बोलावू?"

मुलीने जरा विचार केला. "ओके," ती म्हणाली. "बट बाबांना तू सांग. मी सांगितलं तर ते रडतील."

आतून तिला बोलावणं आलं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी लिहिलं नसतं. कागद रद्द झाला. शाळेने नोंद दुरुस्त केली, पासपोर्टचा अर्ज निकालात निघाला. वडील दीड वर्षाच्या उपचारानंतर मुलीला भेटायला लागले, सुरुवातीला समुपदेशकाच्या समोर. आई-वडील पुन्हा एका घरात राहायला लागले की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो, नाव बदलायला कायद्याची हरकत नाही. लग्नानंतर लोक बदलतात, धर्म बदलल्यावर बदलतात, जुन्या टोळीतून सुटलेली मुलं नवं नाव घेऊन नोकरी शोधतात. मी त्यांच्या कागदांवरचे शिक्के आनंदाने पाहिले आहेत. पण मूल असलं की दोन सह्यांपाशी थांबू नका. ज्याचं नाव आहे त्याला विचारा. वकिलाने विचारलं नाही, शाळेच्या कारकुनाने विचारलं नाही. मला चार दिवस लागले. न्यायालय या कामाला वेळ लावतं, म्हणून लोक कुरकुर करतात. त्या वेळातच कुणीतरी मुलाला खोलीत बोलावून बसवतं.

आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. पहिल्या दिवशी तक्रार घेताना माझ्या डायरीत पीडित मुलीच्या नावाची जागा होती. आई समोर बसली होती, रडत होती, आणि मी घाईत कागदावर होतं तेच नाव उतरवून घेतलं. मेलेल्या मुलीचं. त्या आईच्या डोळ्यांदेखत. ते माझ्या लक्षात पाचव्या दिवशी आलं. आमच्याकडे नोंद चुकली तर ती गिरवून काळी करता येत नाही. एकच रेघ मारायची, वर बरोबर शब्द लिहायचा आणि बाजूला आपली सही करायची, म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते पुढच्या माणसाला वाचता यावं.

मी रेघ मारली, वर धाकटीचं नाव लिहिलं आणि सही केली. निवृत्त झालो त्या दिवशी ती डायरी जमा करताना ते पान उघडून पाहिलं. खालचं नाव स्वच्छ वाचता येत होतं.